लांब बट, आखूड बट

बराकपूरला बदली होऊन आलो तेव्हा मेसच्या पडवीत भिंतीवर एक जुनी थ्री-नॉट-थ्री टांगलेली दिसली. मेसमधली हत्यारं म्हणजे शोभेची. बोल्ट जॅम केलेला, नळीत खुंटी ठोकलेली, आणि पितळेचा प्रत्येक तुकडा मेस हवालदाराने ब्रासोने घासून आरशासारखा केलेला. बटवरच्या गोल बिल्ल्यावर कधीतरी पलटणीचं नाव आणि रायफलचा नंबर कोरलेला असणार. शंभर वर्षांच्या ब्रासोने तो पुसून टाकला आहे. पण बटच्या वरच्या कडेला, बटप्लेटच्या जरा पुढे, लाकडात ठोकलेलं एक अक्षर मात्र शाबूत होतं. इंग्रजी एल.

मी मेस हवालदाराला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "साहब, लेफ्ट का होगा." लेफ्ट नव्हे. एल म्हणजे लाँग. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि बोटाखाली ते अक्षर लागणं वेगळं. त्या संध्याकाळी मला वीसेक वर्षांपूर्वीचा एक नायक आठवला, आणि त्याच्याबरोबर मी केलेला एक हुकूम आठवला, जो करायला नको होता.

काश्मीर खोऱ्यातली गोष्ट. मी नवा कॅप्टन, कंपनीचा तात्पुरता कारभार माझ्याकडे. नायक साताऱ्याकडचा, सव्वासहा फूट उंच, हात गुडघ्याला लागतील असे. त्याच्या वाट्याला आलेली एके-४७. ज्यांनी ती कधी खांद्याला लावली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकेचा बट आखूड असतो. रशियन सैनिक हिवाळ्यात जाडजूड कोट घालून ती चालवणार, या हिशेबाने तो ठीकच आहे. थंडीत कोटपरका आणि वर बुलेटप्रूफ जॅकेट चढवलं की आम्हालाही तो बरोबर बसायचा. पण उन्हाळ्यात, हलक्या कपड्यात, सव्वासहा फुटी माणसाला ती खेळण्यासारखी व्हायची. शिस्त घेताना अंगठ्याचं हाड नाकावर आदळायचं. या पठ्ठ्याने काय केलं, तर जुन्या रबरी स्लीपरचे दोन थर कापले, बटला लावले आणि सायकलच्या ट्यूबने व वर हिरव्या टेपने घट्ट आवळले. दीड इंच लांबी वाढली. रेंजवर त्याचा ग्रुप आधी पंजाएवढा यायचा, तो तळहाताच्या खळग्यात मावू लागला.

मग इन्स्पेक्शन लागलं. कोतमध्ये सगळी हत्यारं ओळीने उभी, आणि त्यात एकीच्या बुडाला चप्पल. मी म्हटलं, काढ ते. तो एवढंच म्हणाला, "साहेब, हत्यार मापाचं झालंय आता." मी म्हटलं, हत्यार सरकारी आहे, तुझ्या मापाचं नाही. वाक्य मला तेव्हा बरंच चटपटीत वाटलं होतं. त्याने टेप सोडवली. इन्स्पेक्शन उत्तम झालं. नंतर ते परत लावायला मी त्याला सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही, आणि दोन महिन्यांत तो दुसऱ्या कंपनीत गेला.

आता त्या एल अक्षराकडे येतो. ब्रिटिशांनी शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सैन्यात आणली आणि तिची गाजलेली मार्क थ्री आवृत्ती १९०७ साली आली. या रायफलचं लाकूड एकसंध नाही. पुढचं वेगळं आणि बट वेगळा. बटच्या आतून एक लांब बोल्ट जातो, तो लांब दांड्याच्या पेचकसाने सोडवला की बट हातात येतो. त्यामुळे बट तीन लांब्यांत बनवता आला: लाँग, नॉर्मल आणि शॉर्ट. एकेकामध्ये अर्ध्या इंचाचा फरक. पुढे पहिल्या महायुद्धात बुटक्या शिपायांच्या बँटम पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या नावाचा आणखी आखूड बटही निघाला. आर्मररने शिपायाला उभं करायचं, त्याच्या हाताची लांबी बघायची आणि त्या मापाचा बट चढवायचा. समोरच्या मक्खीची पातीसुद्धा वेगवेगळ्या उंचीची असत. बुटाचा नंबर असावा तसा बटचा नंबर. म्हणजे माझ्या नायकाने चपलेने जे केलं, ते करायची सोय सरकारने त्याच्या पणजोबाच्या काळात सरकारी खर्चाने केली होती. हत्यार मापाचं असतं हे १९०७ सालच्या आर्मररला ठाऊक होतं. मला नव्हतं.

तेव्हापासून, या पोस्टिंगमध्ये वेळ मिळेल तसा, मी एकाच प्रश्नाचा पाठलाग करतो आहे. शिपायाच्या हातातली बंदूक बदलायचा अधिकार कोणाचा? आणि गंमत अशी की या प्रश्नाचे तीन मोठे टप्पे या गावापासून लोकल ट्रेनच्या अंतरावर आहेत. दक्षिणेला दमदम. मध्ये बराकपूर. उत्तरेला पलता स्टेशन सोडलं की पुढचं इच्छापूर, ज्याला साहेबाच्या स्पेलिंगमुळे आपण सगळे इशापूर म्हणतो.

बराकपूरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २९ मार्च १८५७, परेड ग्राउंड, मंगल पांडे. नवी एनफील्ड रायफल, तिची चरबी लावलेली काडतुसं. शाळेत आपण काडतुसांपाशी थांबतो. मला त्यापुढची गोष्ट जास्त बोचते, ती फारशी सांगितली जात नाही. १८५३च्या नमुन्याची ही एनफील्ड खरोखर चांगली रायफल होती. नळीत पीळ, .५७७चा बोअर, आणि शिडीसारखी उभी होणारी मागची साइट, जिच्यावर हजार यार्डांच्या आसपासपर्यंतच्या खुणा. बंड मोडल्यावर सरकारपुढे प्रश्न आला, की देशी शिपायाच्या हातात असलं हत्यार द्यायचं का. उत्तर असं निघालं: द्यायचं, पण बिघडवून. १८५८ साली एनफील्डच्या नळ्या आतून कातून पीळ काढून टाकला गेला. बोअर वाढून .६५६ झाला. शिडीच्या साइटच्या जागी साधी पक्की बसवलेली साइट आली, कारण पीळच नसेल तर हजार यार्डांच्या खुणा कशाला? दिसायला एनफील्ड, चालायला जुनी मस्केट. कातलेली नळी पातळ आणि नाजूक व्हायची म्हणून पुढच्या वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढला. म्हणजे बिघडवण्यातही त्यांनी सुधारणा केली.

बंदुकीत लोक हौसेने फेरफार करतात ते ती अधिक चांगली व्हावी म्हणून. ती कमी चांगली व्हावी, आणि ज्याच्या हातात ती आहे त्याच्यावर विश्वास नाही एवढ्याच कारणासाठी, हजारोंच्या संख्येने कारखान्यात फेरफार करून घेतल्याचं दुसरं इतकं सरळ उदाहरण मला आठवत नाही. आणि तो हिशेब बरीच वर्षं चालला. १८७०च्या दशकात देशी पलटणींना मागून भरायची स्नायडर मिळाली, तेव्हा गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्रीवर गेल्या होत्या. देशी पलटणींकडे मार्टिनी आली तेव्हा गोऱ्यांकडे मॅगझिनवाली ली-मेटफर्ड. एक पिढी मागे, ठरवून.

इथे आपल्याकडचा एक जुना शब्द आठवतो. शिवकाळापासून मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतला, शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येणार. शिलेदाराची तलवार, भाला, बंदूक त्याच्या ऐपतीची आणि त्याच्या हाताच्या सवयीची. त्यात तोटेही होते, दहा जणांची दहा तऱ्हेची हत्यारं म्हटल्यावर दारूगोळ्याचा हिशेब कोण ठेवणार. इंग्रजांना ही पद्धत स्वस्त म्हणून आवडली. त्यांनी ती ‘सिल्लादार’ नावाने आपल्या देशी रिसाल्यांत उचलली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. आपली पूना हॉर्स त्यातलीच. स्वार घोडा स्वतःचा आणायचा, खोगीर स्वतःचं, तंबूचा वाटा स्वतःचा. पण रायफल आणि गोळी, ती मात्र सरकारची. घोडा तुझा, बंदूक माझी. १८५७ नंतरचं सगळं राजकारण त्या एका अपवादात आलं.

या काळात एक माणूस उलट्या दिशेने जात होता. जॉन जेकब. मुंबईच्या फौजेतला तोफखान्याचा अफसर, सिंधमध्ये रिसाला घेऊन बसलेला. जेकबाबाद हे गाव त्याच्याच नावाचं. हा माणूस अर्धा सैनिक आणि अर्धा मिस्त्री. रायफलची नळी किती पिळाची असावी, गोळीचा आकार काय असावा, याचे प्रयोग त्याने वाळवंटात वर्षानुवर्षं स्वतःच्या पैशाने केले. शेवटी इंग्लंडमधून बनवून घेतली ती दुनळी, चार खाचांची रायफल, दोन हजार यार्डांपर्यंत खुणा असलेल्या उंच साइटची, आणि टोकाशी फुटणारी गोळी टाकणारी. दुरून शत्रूची दारूची गाडी उडवायची ही तिची कल्पना. आणि हे हत्यार त्याला द्यायचं होतं देशी शिपायाला. नेमकं १८५८ साल. बंगालकडे शिपायांच्या नळ्यांतून पीळ काढले जात होते, तेव्हा सिंधमध्ये हा गृहस्थ त्यांच्यासाठी दोन हजार यार्डांची रायफल घेऊन पलटण उभी करत होता. पलटणीचं नावच जेकब्ज रायफल्स. त्याच वर्षी डिसेंबरात तो वारला.

पुढे ही पलटण मुंबईच्या फौजेत ३०वी म्हणून आली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला ती फळीच्या डाव्या हाताला उभी होती, शेजारी मुंबईचीच १ली ग्रेनेडियर्स, आणि उजवीकडे गोरी ६६वी. ६६वीच्या हातात मार्टिनी-हेन्री. जेकबच्या पलटणीच्या हातात स्नायडर. दिवस कडक उन्हाचा, पाणी नाही, समोर तोफा जास्त आणि माणसं कितीतरी जास्त. फळी मोडली ती डावीकडून. इतिहासकार कारणं मोजताना पलटणीत नवे रंगरूट बरेच होते, अफसर थोडे होते, असं सांगतात आणि ते खरंच आहे. हत्यार हे एकमेव कारण नव्हतं. पण दूर मारा करणाऱ्या रायफलसाठी जन्मलेल्या पलटणीच्या हातात त्या दिवशी मागच्या पिढीचं हत्यार होतं, हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ गंगेकडे बघत बसलो होतो. इथे तिला हुगळी म्हणतात, पण माझ्या कंपनीतले बिहारी जवान गंगाच म्हणतात.

दमदमबद्दल थोडक्यात. आज तिथे विमानतळ आहे आणि लोक तेवढंच ओळखतात. तिथल्या आर्सेनलमध्ये कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९०च्या दशकात .३०३च्या गोळीच्या टोकावरचं कवच कमी करून शिसं उघडं ठेवलं, म्हणजे गोळी आत जाऊन फाकेल. सरहद्दीवरून तक्रार होती की नवी कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते आणि तो पळतच राहतो. १८९९च्या हेगच्या जाहीरनाम्याने असल्या गोळ्यांना युद्धात बंदी घातली. पण गावाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. आजही जगात कुठे कुणी गोळीचं टोक कानशीने घासलं तर त्याला ‘दमदम’ म्हणतात. शिपायाने स्वतः करू नये अशी जी थोडी कामं कायद्याने स्पष्ट लिहून ठेवली आहेत, त्यातलं हे एक. आणि बंदी असावी असं मलाही वाटतं. मापाचा बट वेगळा आणि हे वेगळं.

इशापूरला १७८७ साली दारूचा कारखाना निघाला, आणि त्या जागेवर १९०४ साली रायफल फॅक्टरी. इथे .३०३ बनू लागली आणि बनतच राहिली. इंग्रज गेले तरी, दुसरं महायुद्ध संपलं तरी. इशापूरची रायफल जाणकार लांबून ओळखतात, कारण पुढच्या लाकडात आडवा घातलेला एक स्क्रू तिच्यात असतो. आपल्या हवेत लाकूड फुगतं, सुकतं, तडकतं, त्यावरचा हा देशी इलाज. ग्रेनेड टाकायच्या रायफलींच्या पुढच्या लाकडाला तांब्याची तार गच्च गुंडाळलेली असे. ती बघितली की मला आमच्या गावच्या सुताराने तार गुंडाळून वाचवलेला नांगर आठवतो. १९६२ नंतर त्याच बोल्ट-अॅक्शनला ७.६२चा बोअर आणि चौकोनी मॅगझिन देऊन २ए आणि २ए१ निघाल्या. सुरुवातीला साइटवर खुणा दोन हजारांपर्यंत, पुढे त्या आठशेवर आणल्या. कुणीतरी शेवटी कबूल केलं की दोन हजारावर शिपायाला माणूस दिसतच नाही.

थ्री-नॉट-थ्रीवर शिपायांनी स्वतः काय काय केलं याची खरी खाण म्हणजे पहिलं महायुद्ध. १९१५च्या मे महिन्यात गॅलिपोलीला ऑस्ट्रेलियाच्या फौजेतल्या विल्यम बीच नावाच्या लान्स कॉर्पोरलने लाकडाच्या चौकटीत रायफल आणि दोन आरसे बसवले. डोकं खंदकाच्या खाली, रायफल वर, दोरी ओढली की घोडा सुटतो. तुर्की खंदक जिथे हाकेच्या अंतरावर होते तिथे ही चौकट म्हणजे जीव. त्याच वर्षी डिसेंबरात गॅलिपोली सोडताना दुसऱ्या एका लान्स कॉर्पोरलने, विल्यम स्करीने, घोड्याला दोरीने डबा बांधला आणि वरच्या डब्यातून त्यात पाण्याची धार ठिबकत ठेवली. डबा भरला की बार. रिकाम्या खंदकांतून बार होत राहिले आणि माणसं बोटीत बसून निघून गेली. त्या किनाऱ्यावर आपले १४वे शीख होते, गुरखे होते. फ्रान्सच्या आघाडीवर तर इंग्रज अफसर घरून शिकारीच्या रायफली आणि दुर्बिणी घेऊन आले. हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या शिकारी लेखकाने त्यातूनच स्नायपरची शाळा काढली. लढाई सुरू झाली आणि माणसं पटापट पडू लागली, की सरकारी हत्याराला हात लावू नये हा नियम हळूच बाजूला होतो.

या सगळ्याची दुसरी बाजू अमेरिकेत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजची रायफल समजत नाही. तिकडे रायफल नागरिकाची. युद्धातून उरलेल्या स्प्रिंगफील्ड सरकारने नेमबाजी संघटनेच्या सभासदांना स्वस्तात विकल्या. घेणाऱ्याने त्या घरी नेऊन लांब लाकूड कापलं, अक्रोडाचा नवा स्टॉक चढवला, साइट बदलली, आणि हरणाच्या शिकारीला निघाला. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले ते अशीच शिकारी स्टॉक चढवलेली स्प्रिंगफील्ड घेऊन. दुसऱ्या महायुद्धानंतर ली-एनफील्डही ढिगाने तिकडे गेल्या, टपालाने घरपोच, १९६८च्या कायद्याने ते बंद होईपर्यंत. इथल्या इशापूरच्या २ए१सुद्धा नंतर गेल्या आणि तिथे त्यांच्या नळ्या कापून आखूड कार्बाइन झाल्या. गंमत म्हणजे आज तिकडे संग्राहक रडतात. न कापलेली, मूळ लाकडाची रायफल मिळाली तर भाव चढा. आजोबांनी करवतीने ‘सुधारलेली’ मिळाली तर कोणी विचारत नाही.

पण ती करवतीची, रंध्याची कामं होती. हौशीला कारागीर लागायचा, लाकूड एकेका रायफलला घासून बसवावं लागायचं. यूजीन स्टोनरच्या एआर-१५ने ते बदललं. वरचा भाग, खालचा भाग, बट, नळी, सगळे सुटे आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला बसणारे. १९७७ साली पेटंटची मुदत संपली आणि इतरही कारखाने तेच तुकडे बनवू लागले. राहता राहिला प्रश्न दुर्बीण आणि टॉर्च कुठे अडकवायचा. त्या काळी सैनिक टॉर्च नळीला पाण्याच्या पाइपचा क्लॅम्प लावून बसवत. १९९५ साली अमेरिकन सैन्याने पिकॅटिनी रेल हे मानक ठरवलं: दातेरी पट्टी, खाचांमध्ये १० मिलिमीटरचं अंतर, प्रत्येक खाच ५ मिलिमीटरहून जराशी जास्त रुंद. एवढंच. एवढ्याने असं झालं की जगातल्या कोणत्याही कारखान्याची दुर्बीण कोणत्याही रायफलवर एका पान्याने बसू लागली. कारागिराची गरज संपली. सैनिक आपल्या पगारातून पकड घेऊ लागला, सिलिंग घेऊ लागला, बट घेऊ लागला, आणि पुन्हा थोडासा शिलेदार झाला.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. दोन मॅगझिन उलटसुलट टेपने बांधायची युक्ती आमच्यापैकी प्रत्येकाने खोऱ्यात केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक कार्बाइनला तेच करत. तोटाही तोच: खालच्या मॅगझिनचं तोंड जमिनीकडे, आडवं पडलात की चिखल आत. पाऊचमधून मॅगझिन पटकन ओढायला सैनिक त्याच्या बुडाला टेप आणि दोरीचा फासा लावत. एका माजी अमेरिकन मरीनने १९९९ साली त्या फाशाचा रबरी साचा केला आणि विकायला काढला. मॅगझिन ओढायचा तो मॅगपुल. आज ती कंपनी जगभर बट आणि मॅगझिन विकते. टेपच्या तुकड्यातून कारखाना उभा राहिला. माझ्या नायकाच्या चपलेतून इन्स्पेक्शनची एक नोंद तेवढी टळली.

अर्थात या हौशीला अंत नाही हेही मी पाहिलं आहे. तीन किलोची कार्बाइन दुर्बीण, लेझर, टॉर्च, पुढची मूठ असं करत चार किलोच्या वर जाते. तरुण अफसर सहा महिने सगळं लावतो. एक लांब चाल झाली की एकेक काढत जातो. शेवटी उरतं ते तीन गोष्टी: चांगली साइट, चांगलं सिलिंग, आणि मापाचा बट.

आपल्या नागरिकांसाठी कथा वेगळीच. १८७८च्या हत्यार कायद्याने देशी माणसाच्या घरातली बंदूक परवान्यात गेली. .३०३ हा लष्करी बोअर म्हणून बंद. त्यावर तोड म्हणून आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीने त्याच ली-एनफील्डच्या सांगाड्यावर .३१५ची स्पोर्टिंग रायफल काढली. परवानाधारक शेतकऱ्याच्या घरात जी दिसते ती हीच. यंत्र तेच, फक्त गोळी सरकारी पेटीतली बसू नये. १९५९च्या कायद्याच्या कलम ६प्रमाणे नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या जिल्ह्यांत मी कट्टे जप्त झालेले पाहिले आहेत, तिथे करवत घेतलेल्या माणसाचा हेतू हरणाचा नसतो.

आणि सैन्यात? थ्री-नॉट-थ्रीनंतर एसएलआर आली, मग इन्सास, मग खोऱ्यात एके. २०१९ साली ७२,४०० सिग-७१६ रायफलींची ऑर्डर गेली. अमेठीजवळ कोरव्याला सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवायचं ठरलं. दोन्हींवर पिकॅटिनी रेल आहे, ते फोटोत सगळ्यांना दिसतं. मला आधी दिसला तो बट. मागेपुढे सरकणारा. रेंजवर जवान आडवा पडतो, बट खांद्याला लावतो, मान हलवतो, खटका दाबून एक घर मागे ओढतो. आर्मरर नको, लांब पेचकस नको, स्लीपर नको.

मागच्या महिन्यात मी त्या नायकाचा नंबर शोधून काढला. सुभेदार होऊन निवृत्त झाला आहे, गावी ऊस आहे, मुलगी पुण्यात नोकरी करते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर मी मेसच्या भिंतीवरच्या रायफलचं सांगितलं, एल अक्षराचं सांगितलं, आणि म्हटलं की तेव्हा माझं चुकलं होतं. तो हसला.

"साहेब, ते रबर मी टाकलं नव्हतं. नव्या कंपनीत गेल्यावर दुसऱ्याच दिवशी परत लावलं."

"तिथल्या साहेबांनी बघितलं नाही?"

"बघितलं की. म्हणाले, टेप ढिली झालीये, स्टोअरमधून नवी घे."